वर्तणुकीत सुधारणा

सहावीचा वर्ग. गणिताचा तास. सरांनी मला फळ्याजवळ बोलावलं आणि वर्गाकडं तोंड करून उभं केलं.

"हिचा बाप काय करतो, म्हाईत हाय का रे?"

"ऊस तोडतो!" पोरं ओरडली.

"बरं. नवरा-बायकू मिळून तोडतेत, त्याला मुकादम काय म्हणतो?"

"एक कोयता!"

"एकटंच माणूस असलं तर?"

"अर्धा कोयता!"

"शाब्बास. मंग ही किती?"

एवढं गणित कुणी केलेलं नव्हतं. मग मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "पाव!"

सगळा वर्ग हसला. सर पण हसले. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

"लिही. एक छेद चार. आन् खाली तुझं नाव लिही."

मी लिहिलं. आधी अपूर्णांक, खाली नाव. अक्षर वाकडं आलं. सर म्हणाले, "नाव तरी धड लिही. पुस." मी पुसलं. परत लिहिलं. तास संपेपर्यंत ते तसंच राहिलं, आणि मी त्याच्या शेजारी उभी.

माझा गुन्हा सांगते. मी वर्गात बोलले होते.

आम्ही होळीनंतर ऊसतोडीच्या फडावरून परत आलो होतो. दिवाळीच्या आधी गेलेलो. मधले पाच महिने मी उसाचं पाचट गोळा केलं, मोळ्या बांधल्या, धाकट्या भावाला सांभाळलं. सोमवारी शाळेत आले तर वर्ग अपूर्णांकावर पोचला होता. फळ्यावर आकड्यांच्या मध्ये रेघ. मला काही कळेना. शेजारी शोभा बसायची. मी तिला हळूच विचारलं, "ही रेघ मधी कशाला?" सरांनी ऐकलं. त्यांच्या भाषेत याला गोंधळ म्हणायचे.

त्याच तासाला मागच्या बाकावरचा एक पोरगा रबरात कागदाच्या गोळ्या अडकवून पोरींच्या मानेवर मारत होता. माझ्याही मानेवर दोन बसल्या होत्या. तो संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्षांना सगळं गाव तात्या म्हणायचं. सर त्या पोराला म्हणाले, "राजे, जरा दमानं." बस. तेवढंच. "पाव" म्हणून ओरडणारा पण तोच.

त्या दिवसापासून माझं नाव पाव पडलं. ए पाव. पाव आली. पाव, पाणी आण. दहावीपर्यंत.

घरी सांगितलं. आबा ओट्यावर पालथे पडले होते, माय त्यांच्या पाठीला तेल चोळत होती. आबा म्हणाले, "सर बोलले म्हंजी तुजं कायतरी चुकलं असंल." नंतर भाकरी वाढताना माय म्हणाली, "तोंड मिटून बसत जा. आपल्याला तिथं बसू देतेत, हेच लई हाय."

मी तोंड मिटलं. खरोखरच मिटलं. सहावीपासून दहावीपर्यंत मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. लघवीला जायची परवानगीसुद्धा मागितली नाही. सहावी-सातवीत पाच-पाच महिन्यांचा अभ्यास शोभाच्या वह्यांवरून उतरवला. कळलं नाही ते पाठ केलं. रेघ मधी कशाला, ते मला आठवीत कळलं. माझं मलाच. कुणी सांगितलं नाही.

प्रगतीपुस्तकात सर दरवर्षी लिहायचे, "वर्तणुकीत सुधारणा आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. आठवीपासून माझं फडावर जाणं बंद झालं. मावशीकडं सिरसाळ्याला राहिले, तिथून शाळेला यायचे. दहावीला वर्गात पहिली आले. बारावी केली, अंबाजोगाईला कॉलेज केलं, बी.एड. केलं. आणि फिरून आमच्याच शाळेत लागले. वरचे वर्ग विनाअनुदानित, म्हणजे सरकारचा हात नाही, सगळं संस्थेच्या मर्जीवर. तोवर सर मुख्याध्यापक झाले होते.

शाळेनं माझा सत्कार केला. मंडप घातला, गाव बोलावलं. आबा आणि माय पहिल्या रांगेत, खुर्चीवर. मायला खुर्चीवर बसायची सवय नव्हती, ती पुढच्या कडेवर टेकून बसली होती. तात्यांनी शाल घातली, नारळ दिला. मग सर माइकवर आले.

"ही पोरगी," सर म्हणाले, "वर्गात नुसती बडबड करायची. एक दिवस म्या तिला भर वर्गात असं बोललो, असं बोललो, की त्या दिवसापासून सरळ झाली. आज बघा. आता नवे कायदे आलेत. मास्तरानं मारायचं न्हाई, बोलायचं न्हाई, डोळं वटारायचं न्हाई. मंग लेकरं घडायची कशी? म्या त्या दिवशी बोललो नसतो तर ही आज कुठं असती?"

टाळ्या. आबा पण वाजवत होते. मायनं पदर डोळ्याला लावला.

आणि मी काय केलं? मी वाकले. सरांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "असे संस्कार."

त्या दिवशी मला अपमान वाटला का? नाही. हे खरं सांगायला पाहिजे. मला वाटलं, असेल बाबा. सर म्हणतायत म्हणजे असेल. बोलले म्हणूनच मी शिकले असेन. माणसाला कुठंतरी खपवावी लागते अशी जखम. मी ती तिथं खपवली. पुढं तीन वर्षं मी स्वतः ती गोष्ट वर्गाला सांगत आले. "मला सर असं बोलले होते, बघा मी कुठं पोचले." पोरं माना डोलवायची. एक छेद चारचं मात्र मी कधी सांगितलं नाही. गोष्टीतून तेवढं गाळायचे.

मग आरती आली.

नववी ब. आरती पहिल्या दिवसापासून दणक्यात. बाकावर बोटांनी ठेका धरायची, तो अख्खा वर्ग उचलायचा. माझी चाल काढून दाखवायची, खांद्याला पर्स आणि एक पाय जरा ओढत. मी दारात आले की शेवटच्या बाकापर्यंत हसू पसरलेलं असायचं. उत्तर द्यायची तर सगळ्यांच्या आधी, हात वर न करता. आणि प्रश्न विचारायची. "म्याडम, हे शिकून नेमकं काय व्हतंय?" "म्याडम, तुमी शिकल्या तर तुमाला पर्मनंट कावून केलं न्हाई?" वर्ग हसायचा. मला राग यायचा. प्रश्न खरा होता, म्हणून जास्त यायचा.

तिचेही आई-बाप ऊसतोडीवालेच. दरवर्षी ते गेले की ती चुलतीकडं राहायची. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही मी बोलले. ते आता सांगते.

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल. तात्या बाहेरून पाहुणे घेऊन शाळा दाखवायला येणार होते. सरांनी सकाळीच बजावलं होतं, "आज वर्गातून आवाज आला तर त्या मास्तराचं मी बघतो." माझा तास चालू. व्हरांड्यात पाहुण्यांच्या चपला वाजायला लागल्या आणि आरतीनं शीळ घातली. लांब, खणखणीत. वर्ग फुटला. खिडकीत सरांचं तोंड दिसलं. त्यांच्या मागं तात्या आणि पाहुणे.

मी भ्याले. दुसरं काही नाही. भ्याले.

"आरती, उभी राहा," मी म्हणाले. "शाळेत बसायची तुझी लायकी हाय का? दोन-चार म्हैन्यात बाप तुला कुणाच्या तरी गळ्यात बांधंल आन् हातात कोयता देईल. तवर गप बस. ज्यांना शिकायचंय त्यांना शिकू दे."

वर्ग हसला. खिडकीतले पाहुणेही हसले. आरती पण हसली, अर्धा क्षण, सवयीनं. मग तिचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि हसू गेलं. ती खाली बसली. दोन्ही हात बाकाखाली घेतले.

सुट्टीत सरांनी ऑफिसात बोलावलं. चहा पाजला. "आता खऱ्या मॅडम झालात तुमी," म्हणाले.

आणि मला बरं वाटलं. हे पण सांगायला पाहिजे. मला बरं वाटलं.

आरती गप्प झाली. ठेका नाही, नक्कल नाही, प्रश्न नाही. वही नीट. घरचा अभ्यास वेळेवर. नजर खाली. दोन-तीन आठवडे. मी स्टाफरूममध्ये सांगत होते, बघा, एकदा फाडून बोललं की कसं जागेवर येतं. महिन्याच्या अहवालात तिच्या नावापुढं मी माझ्या हातानं लिहिलं, "वर्तणुकीत सुधारणा आहे."

लिहिताना पेन अडखळलं नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. सरांचं वाक्य, जसंच्या तसं. आणि मला आठवलंसुद्धा नाही.

दसऱ्याची सुट्टी संपली. आरती आली नाही. दोन दिवस, तीन दिवस. तिच्या बाकावरच्या पोरीला विचारलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत म्हणाली, "तिचं लगीन हाय म्याडम. बेस्तरवारी."

आमच्याकडं टोळी निघायच्या आधी लग्नं लागतात. का लागतात ते सगळ्यांना माहीत आहे. एकट्या पोराला मुकादम घेत नाही. जोडी लागते. मग पोरीचं वय कुणी विचारत नाही.

मी सरांकडं गेले. ते हजेरी तपासत होते. मान वर केली नाही.

"आपलं काम शिकवायचं," म्हणाले. "गावाशी वैर घेता का? आज हिचं थांबवाल, उद्या धा जणी हायेत. आन् वर्गाला तरी काय, एक कटकट कमी."

मी लेकरांच्या हेल्पलाइनला फोन केला. नाव सांगितलं, माझं पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आणि पोलीस आले, बापाकडून लिहून घेतलं की अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही. बापानं अंगठा दिला. सगळे चहा पिऊन गेले. तीन दिवसांनी शेजारच्या जिल्ह्यात कुणा पाहुण्याच्या शेतात लग्न लागलं. मला ते नंतर कळलं. परत फोन केला. "नोंद घेतली आहे," म्हणाले. नोंद अजून आहे. कुठंतरी.

मी तिच्या घरी गेले. सकाळची वेळ. दारात ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत भांडी, पत्रे, गोधड्या, एक शेळी. आरती आईला भेटायला आली होती, दुपारी नवऱ्याच्या टोळीबरोबर कर्नाटकात जाणार होती. हातभर हिरव्या बांगड्या. केस घट्ट आवळून बांधलेले. नववीचं पोर ते, साडीत नीट चालताही येत नव्हतं, निऱ्या हातात धरून चालत होती.

मला बघून तिच्या आईनं खाट झटकली. "बसा म्याडम." पाणी दिलं. मी म्हणाले, "मावशी, का केलंत असं? तिला शिकवायचं होतं की."

आई माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. खरंच कळत नसल्यासारखी.

"आवं, तुमीच म्हणल्या ना वर्गात?" ती म्हणाली. "धाकटा दीर दोन वर्सं झाली स्थळ घिऊन येत हुता. ही ऐकत न्हवती. जेवण सोडायची. आडात उडी घीन म्हणायची. म्हणून आमी बी न्हाई न्हाई म्हणत हुतो. पर त्या दिशी शाळंतून आली ती गपच. काय झालं विचारलं तर म्हणली, म्याडम म्हणल्या. मंग पुन्यांदा पाव्हणे आले तर काय बोललीच न्हाई. आमाला वाटलं, तयार हाय."

मी आरतीकडं बघितलं. ती शेळीचं दावं ट्रॉलीच्या कडीला बांधत होती.

"आरती, मी रागात बोलले गं."

"आसू द्या म्याडम," ती म्हणाली. "तुमी शिकल्याल्या हाव. तुमी बी फडावरच्याच. तुमाला ठाव असंल म्हणून म्या ऐकलं."

मग दाव्याची गाठ आवळत तिनं विचारलं, "आता वर्गात गोंधळ न्हाई ना?"

टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला तिथं रडता आलं नाही, कारण मी रडले असते तर तिच्या आईला मला समजवावं लागलं असतं. ती बाई सामान बांधायच्या घाईत होती. मी उठले. चालत निघाले. गावाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले आणि तिथं, भर उन्हात, मला सहावीचा तास आठवला. अख्खा. खडूचा वास, शोभाची खाली गेलेली मान. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी तो न गाळता आठवला. आणि मला कळलं की त्या दिवशी मी सुधारले नव्हते. मी बंद पडले होते. जे शिकले ते त्या बोलण्यामुळं नाही. ते बोलणं उरावर घेऊन शिकले. शोभानं वह्या दिल्या, मावशीनं घर दिलं, म्हणून शिकले. आरतीला तसं कुणी नव्हतं. तिला मी होते.

लोक मला विचारतात. स्टाफमधले विचारतात, चिडून विचारतात. मग काय करायचं मॅडम? पोरं बाकावर नाचतील, शिट्ट्या मारतील, आपण हात जोडून उभं राहायचं? साठ पोरं एका वर्गात. तुम्ही या आमच्या जागी.

मी त्यांच्याच जागी आहे. माझ्याही वर्गात साठ आहेत. मी आवाज चढवते. "शीळ बंद कर." "वर्गाबाहेर जा, पाच मिनिटांनी ये." "आज मी तुझ्यावर चिडलेय." हेही कडकच आहे. त्यानं कुणी मरत नाही. पण शीळ घातली तर शिळेबद्दल बोलायचं. तिथून बापावर, जातीवर, जन्मावर, लग्नावर कसं जातो आपण? एका पावलात जातो. आणि कुणाच्या बापावर जातो? तात्यांचा पुतण्या गोळ्या मारायचा, तो राजे. आता तात्यांचा नातू आठवीत आहे. परवा त्यानं फळ्यावर मास्तरणीचं नको ते चित्र काढलं. सर म्हणाले, "कलाकार हाय." कडक बोलणं आंधळं नसतं. तोंड उघडायच्या आधी ते बघून घेतं, या लेकराच्या मागं कोण उभं आहे. कुणी नसलं की मग शिस्त. मी पण त्या दिवशी बघून घेतलं होतं. खिडकीत तात्या होते आणि बाकावर आरती. कुणाला बोलायचं ते मी एका क्षणात ठरवलं.

नाताळच्या आधी पालकसभा झाली. व्हरांड्यात सतरंज्या, पुढं टेबल, टेबलामागं तात्या आणि सर. विषय शिस्तीचाच. वरून पत्र आलं होतं, मुलांना अपमान वाटेल असं बोलू नये म्हणून. सरांनी ते वाचून दाखवलं आणि टेबलावर आपटलं.

एक बाप उठला. "सर, आमचं काय म्हणणं न्हाई. हाना, बोला, काय बी करा. पोरगं माणसात आलं पायजे." बाकीच्यांनी मान डोलवली. ते दिवसभर दुसऱ्याचं ऐकणारे लोक. त्यांना वाटतं ऐकून घेणं म्हणजेच शिकणं. माझे आबा पण तसेच.

सरांना जोर आला. "लांब कशाला जाता? आपल्या मॅडमच बघा." आणि त्यांनी ती गोष्ट सुरू केली. बडबडी पोरगी. भर वर्गात असं बोललो, असं बोललो. मग माझ्याकडं हात केला, "उठा मॅडम. तुमच्याच तोंडानं सांगा."

मी उठले.

"सर काय बोलले ते ते कधीच सांगत नाहीत," मी म्हणाले. "मी सांगते."

आणि मी सांगितलं. एक कोयता, अर्धा कोयता, पाव. फळ्यावरचं नाव. पुस आणि परत लिही. समोर बसलेल्यांत निम्मे ऊसतोडीवाल्यांच्या घरचे. म्हाताऱ्या, चुलत्या, कारण आई-बाप फडावर. त्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं होतं कुणीतरी काहीतरी म्हणेल.

मग मी म्हणाले, "आणि मी हेच आरतीला केलं. नववी ब मधल्या. तिचं लग्न तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यातला माझा वाटा माहीत नाही. तिला लायकी नाही असं मी म्हणाले, तात्यांच्या पाहुण्यांसमोर, भिऊन. ती गप्प झाली आणि मी लिहिलं, ती सुधारली."

"ए बाई," तात्या म्हणाले. "खाली बस. कुठं बोलतीस, कुणाम्होरं बोलतीस, कळतंय का? फडावरनं उचलून खुर्चीत बशीवलं तुला."

शेजारच्या बाईनं माझा पदर ओढला. "बसा म्याडम, नौकरी जाईल."

मी बसले नाही.

"तात्या," मी म्हणाले, "मला अहो-जाहो करा. मी इथं शिक्षिका आहे."

बस, एवढंच सुचलं. मोठं काही सुचलं नाही. पण जन्मात पहिल्यांदा असं वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं आणि ते मागं घ्यावं असं मला वाटलं नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठलं नाही. मघाचा बाप म्हणाला, "म्याडमचं डोकं फिरलं वाटतं." दोघं-तिघं हसले. सभा संपली. चिवडा वाटला. घरी गेले तर आबांना आधीच कळलेलं. ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. माय बोलली, "त्यांनी शाल दिलती तुला."

आरतीचा फोन लागत नाही. तिच्या चुलतीकडं नंबर आहे तो बंद येतो. तिच्या जागेवर आता दुसरी पोरगी बसते. वर्ग शांत आहे. नको तितका शांत आहे. त्या दिवसानंतर आरतीच काय, मागच्या तिन्ही बाकांवरच्या पोरी प्रश्न विचारायच्या बंद झाल्या, हे मला उशिरा कळलं. साठांसमोर एकीला बोललं की साठही जणांना बोललेलं असतं. मी त्यांची माफी मागितली. वर्गात, उभं राहून. त्यांनी ऐकून घेतलं. पोरी ऐकून घेतात. विश्वास ठेवला असं नाही.

मला संस्थेचं पत्र आलं. शाळेची बदनामी केली, तीन दिवसांत लेखी दिलगिरी द्यावी, नाहीतर सेवा समाप्त समजावी. सरांनी मला बोलावून मजकूरही सांगितला, "लिवा, भावनेच्या भरात बोलले. संपलं."

मी तिन्ही दिवस घेतले. शेवटच्या दिवशी सकाळी कागद घेऊन ऑफिसात गेले. सरांनी वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

त्यात दिलगिरी आहे. ती आरतीची मागितलेली आहे. मी तिला काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिलंय, तारीख, तास, वर्ग, खिडकीत कोण होतं ते. लग्नाआधी मी सरांना सांगितलं तेव्हा ते काय म्हणाले ते लिहिलंय. आणि त्याच्या आधीच्या सहावीच्या तासाचंही लिहिलंय. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक बालकल्याण समितीला, एक माझ्याकडं.

"हे मागं घ्या," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "माझं काय व्हत न्हाई. दोन वर्सांत रिटायर व्हतो. नौकरी तुमचीच जाईल."

ते खरं बोलत होते. त्यांचं काही होणार नाही. तात्यांचं तर नाहीच. एप्रिलमध्ये मला काढतील, आणि माझ्या जागी कुणीतरी येईल जी गप्प बसायला शिकलेली असेल. आरती परत बाकावर येणार नाही. यातलं एकही मला खोटं वाटत नाही.

"सर, आवक नंबर टाका," मी म्हणाले.

क्लार्क सरांकडं बघायला लागला. सर खिडकीबाहेर. घंटा झाली, माझा तास सुरू झाला, मी हलले नाही. शेवटी क्लार्कनं रजिस्टर ओढलं, नंबर लिहिला, शिक्का मारला. माझ्या प्रतीवर पण मारून घेतला.

समिती मला बोलावेल तेव्हा जाणार. नाही बोलावलं तर न बोलावता जाणार. चौकशी लागली तर आधी माझी लावा म्हणणार. त्या कागदात दोषी म्हणून दोन नावं आहेत. पहिलं माझं आहे, दुसरं सरांचं. ते मी खोडणार नाही, म्हणजे दुसरंही कुणाला खोडता येणार नाही.